मोटारगाडीचा वायपर बंद पडला असतां विजेचा दोष कसा शोधावा

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आज बैलगाडीच्या जागीं जीप, पिकअप अथवा लहान टेंपो उभा असतो, आणि भाजीपाला, फळें, दूध असा नाशिवंत माल स्वतःच्याच गाडीनें बाजारास नेण्याची रीत दिवसेंदिवस वाढत आहे. मृग लागण्यापूर्वीं शेतकरी पाभर, कुळव, दोर, इरलें हें सर्व तपासून ठेवतो. परंतु गाडीचा वायपर धड चालतो कीं नाहीं, याची आठवण त्यास बहुधा पहिल्या वळवानें कांच भिजल्यावरच होते. वस्तु लहान, म्हणून दुर्लक्ष होतें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील १०१ व्या नियमानें समोर कांच असलेल्या गाडीस चालू स्थितींतील वायपर असणें आवश्यक ठरविलें आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी पावसाळी रात्रीं भरलेली गाडी घाटांत असतां ज्याचा वायपर थांबला आहे, त्यास या लहान वस्तूचें मोल निराळें सांगावयास नको.

आम्हांवर गुदरलेला प्रसंग प्रथम सांगतों, कारण पुढील विवेचनांतील बऱ्याच गोष्टी त्यानेंच शिकविल्या. सन २०२३ च्या आषाढांत टोमॅटोचे भाव किती चढले होते हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. साठ क्रेट माल पिकअपमध्यें भरून माझा पुतण्या व मी दिवेलागणीस ओतूरहून कल्याणच्या बाजारास निघालों. पावसाची रिपरिप होती, वायपर चालू होता. गाडीचे दिवे लावतांच त्याची चाल किंचित् मंदावली; तें दोघांच्याही नजरेस आलें, पण त्याचा अर्थ कळला नाहीं. मढ गांव मागें पडून माळशेजचा घाट उतरूं लागलों, तों धुकें आणि मुसळधार पाऊस यांनीं एकदमच गांठलें. पुतण्यानें धुक्यासाठीं मागाहून बसविलेले जादा दिवे लावले, आणि त्याच क्षणीं दोन्हीं पट्ट्या कांचेच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. खिडकींतून डोकें बाहेर काढून पोरानें गाडी कशीबशी रुंद जागेपर्यंत नेली. दरडी कोसळण्याबद्दल तो घाट प्रसिद्धच आहे. तेथें कड्याखालीं अडीच तास बसून राहण्यांत जें वाटलें तें लिहीत नाहीं. अखेर एका ट्रकच्या मागील दिव्यांच्या धोरणानें आम्हीं मोरोशीपर्यंत उतरलों. बाजारांत पोहोंचलों तेव्हां सौदे उरकत आले होते.

दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजवाल्यानें वायपरची मोटार जळाल्याचें सांगून नवी बसविली व तिचे पैसे घेतले. चार दिवसांनीं पुन्हां तेंच. तेव्हां मात्र हातांत दिवा घेऊन मीं स्वतः शोध केला, आणि दोष निघाला तो एका बोल्टाखालच्या गंजाचा. जुनी मोटार मीं परत आणली होती. बॅटरीस थेट जोडतां ती उत्तम फिरली. अशी फसवणूक बहुधा लबाडीनें होत नाहीं; पद्धतशीर तपास न करतां वस्तु बदलून पाहण्याच्या संवयीनें होते. पैसे मात्र धन्याचेच जातात.

आतां यंत्राची रचना पाहूं. अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंनीं १९०३ सालीं ज्या कांच-पुसणीचें पेटंट घेतलें, ती आंत बसून हातानें दांडी ओढून चालवावयाची होती. पुढें इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारे वायपर निघाले; जुन्या विलीस जीपगाड्यांत ते असत. त्यांची खोड अशी कीं, चढावर ॲक्सिलरेटर दाबला कीं ती ओढ कमी होई आणि नेमका घाट चढतांना वायपर मंदावे. आजच्या सर्व गाड्यांत हें काम विजेच्या मोटारीकडे आहे. कांचेच्या खालच्या बाजूस, बॉनेटच्या मागील पन्हळींत ही मोटार बसविलेली असते. तिच्या आसास वर्म म्हणजे मळसूत्री दांता असतो, तो एका मोठ्या दांतेरी चाकास फिरवितो, व त्या चाकास जोडलेल्या दांड्या पट्ट्यांना इकडून तिकडे हालवितात. या दांड्यांस कारागीर लिंकेज म्हणतात.

विजेचा मार्ग असा : बॅटरीच्या धन टोंकापासून निघालेली वीज चावीच्या स्विचांतून व फ्यूजमधून स्टीअरिंगजवळच्या वायपर-स्विचाकडे जाते, तेथून मंद गतीची एक व जलद गतीची दुसरी अशा दोन तारांनीं मोटारीकडे येते, आणि मोटारींतून निघून गाडीच्या सांगाड्यावाटे बॅटरीच्या ऋण टोंकास परत मिळते. कांहीं गाड्यांत चावी अगोदर व फ्यूज नंतर, कांहींत उलट. त्यानें तपासाच्या पद्धतींत फरक पडत नाहीं. परतीच्या वाटेस अर्थ म्हणतात. जाणाऱ्या तारेकडे सर्वांचें लक्ष असतें, परतीच्या वाटेकडे कोणी पाहत नाहीं, आणि जुन्या गाडींतील दोष पुष्कळदां तेथेंच दडलेला असतो.

मोटारींत कार्बनच्या तीन कांड्या असतात. एक सामाईक, दुसरी तिच्या बरोबर समोर मंद गतीची, आणि तिसरी थोडी बाजूस सरकविलेली जलद गतीची. बाजूच्या कांडीनें वीज दिली असतां आंतील वेटोळ्यांपैकीं कमी वेटोळीं विरोध करतात, म्हणून मोटार अधिक वेगानें फिरते. साधारणतः मंद गतींत मिनिटास चाळीस ते पंचेचाळीस व जलद गतींत साठाच्या आसपास फेऱ्या होतात. घड्याळ घेऊन त्या मोजाव्यात. वायपर हळू चालतो असें नुसतें म्हणण्यापेक्षां मिनिटास अठ्ठावीस फेऱ्या होतात असें म्हणणें केव्हांही बरें, कारण दुरुस्तीनंतर फरक किती पडला हें त्यावरूनच ठरतें.

दोष विजेचा कीं यंत्राचा?

प्रथम हाच प्रश्न सोडवावा. चावी फिरवून वायपर चालू करावा व बॉनेट उघडून कान द्यावा. मोटार गुणगुणते पण पट्ट्या हालत नाहींत, तर विजेचा दोष नाहीं. पट्टीच्या दांड्याचें नट सैल झालें आहे, किंवा लिंकेजचा गोळीचा सांधा निखळला आहे. दोहोंपैकीं एकच पट्टी चालत असेल तरीही तेंच समजावें, कारण बहुतेक गाड्यांत दोन्हीं पट्ट्यांस मोटार एकच असते.

मोटारीचा आवाजच नसेल अथवा ती जड चालत असेल, तर लिंकेज मोटारीपासून सोडवून पट्ट्यांचे दांडे हातानें हालवून पाहावे. ते सहज हालले पाहिजेत. ज्या पोलादी खुंट्यांवर हे दांडे फिरतात, त्यांत पावसाचें पाणी व धूळ जाऊन गंज धरतो, आणि मग मोटारीस पांच अँपिअरच्या जागीं कितीतरी अधिक करंट ओढावा लागतो. पुष्कळ मोटारींत अति तापल्यावर आपोआप तोडणारी एक पत्री असते. त्यामुळें वायपर दहा मिनिटें चालतो, थांबतो, आणि निवल्यावर पुन्हां चालतो. हें लक्षण दिसलें कीं विजेकडे वळण्यापूर्वीं खुंट्यांना तेल द्यावें. लिंकेज चालू असतां त्यांत बोट घालूं नये. थांबलेली मोटार तार हालतांच अकस्मात् सुरू होते आणि तिच्या दांड्याची पकड सुटत नाहीं. हात घालावयाचाच असेल तर बॅटरीची ऋण तार आधीं सोडावी.

फ्यूज

वायपर अजिबात चालत नसेल तर फ्यूज पाहावा. पेटीच्या झांकणावर त्याची जागा व अँपिअर दिलेले असतात. तो जळालेला आढळल्यास नवा घालून मोकळें होऊं नये. तो कां जळाला हें शोधावें. त्याची रीत सोपी आहे. मोटारीचा कपलर सोडून ठेवावा आणि नवा फ्यूज घालून स्विच चालू करावा. तो तत्काळ जळाला, तर मोटारीकडे जाणारी तार कोठें तरी पत्र्यास घासून उघडी पडली आहे. न जळाल्यास लिंकेज सोडलेलीच ठेवून कपलर जोडावा. आतां जळाला तर दोष मोटारीच्या आंत आहे. आतांही टिकला व लिंकेज जोडल्यावरच गेला, तर जडपणा दांड्यांत आहे. तीन फ्यूज खर्चीं पडले तरी ती किंमत मोटारीच्या किमतीपुढें कांहींच नाहीं.

फ्यूजच्या जागीं तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी घालण्याची वाईट चाल आपल्याकडे आहे. फ्यूज हा तारेच्या जाडीप्रमाणें ठरविलेला असतो. तो न जळाला तर तार जळते, आणि ती इतर पंचवीस तारांच्या जुडींत, गाडीच्या आंतल्या बाजूस असते. अशानें अख्खी गाडी पेटूं शकते.

दिव्यानें तपास

शोधासाठीं महागडें साधन लागत नाहीं. गाडीच्या वळण-दिव्याचा बारा व्होल्टचा एकवीस वॅटचा बल्ब घ्यावा, त्यास दोन हात-दोन हात लांब तारा जोडाव्या, एकीच्या टोंकास चिमटा व दुसरीच्या टोंकास सुई बसवावी. हा झाला टेस्ट-लॅम्प. ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची असते, तेथें बल्बही चोवीसचाच हवा. शिवाय एक साधा मल्टिमीटर असल्यास उत्तम. परंतु दिवा आधीं, मीटर मागून.

असें कां, तें समजून घेण्यासारखें आहे. ठिबक सिंचनाची मुख्य नळी गाळानें जवळजवळ बुजली आहे असें समजा. शेवटची तोटी बंद ठेवून तेथें दाब मोजला तर कांटा पुरा दाब दाखवील, कारण पाणी वाहतच नाहीं. तोटी उघडा, कीं दाब क्षणांत पडेल. विजेचें तसेंच आहे. तारेच्या दहा धाग्यांपैकीं नऊ तुटून एक उरला असेल, तरी कपलर सोडून मीटर लावला असतां तो बारा व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाहीं. मग आपण म्हणतों, वीज येथपर्यंत येते, अर्थात् मोटारच गेली! माझ्या समजुतीप्रमाणें आमची चांगली मोटार याच चुकीनें बदलली गेली. एकवीस वॅटचा दिवा पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे तो तोटी उघडून पाहतो. मीटर लावावयाचाच असेल तर कपलर जोडलेला ठेवून, वायपर चालू असतां, कपलरच्या पाठीमागून सुई घालून मोजावें.

आतां दिव्याचा चिमटा थेट बॅटरीच्या ऋण टोंकास लावावा. चावी चालू करून सुई फ्यूजच्या दोन्हीं बाजूंस लावून पाहावी. दोहोंकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकीकडेच पेटला तर फ्यूज गेला. डोळ्यांना तो शाबूत दिसला तरी दिव्यावर विश्वास ठेवावा. दोहोंकडेही न पेटल्यास दोष फ्यूजच्या मागें, चावीच्या स्विचाकडे आहे. तेथून पुढें मोटारीच्या कपलरशीं यावें. स्विच मंद गतीवर ठेवून मंद गतीच्या तारेस, व जलदवर ठेवून जलदच्या तारेस सुई लावावी. दोन्हीं ठिकाणीं दिवा प्रखर पेटला, तर फ्यूज, स्विच व तारा एकदम निर्दोष ठरल्या. कोठेंच न पेटला तर फ्यूज व मोटार यांच्यामध्यें, म्हणजे स्विच किंवा कपलर यांत शोध घ्यावा. एकाच गतीस न पेटल्यास स्विचांतील त्या गतीचा संपर्क अथवा तेवढीच तार दोषी.

वीज कपलरपर्यंत प्रखर येते आणि तरी मोटार फिरत नाहीं, अशा वेळीं पुढील एक कृति करावी. या सर्व लेखांतील अधिक उपयोगाची कृति हीच आहे. सुई तेथेंच ठेवून चिमटा मात्र बॅटरीवरून काढून मोटारीच्या लोखंडी अंगास, अथवा मोटारीची अर्थची तार निराळी असल्यास त्या तारेस लावावा. दिवा तितकाच प्रखर राहिला तर अर्थ चांगली व दोष मोटारींत. दिवा मंदावला किंवा विझला, तर मोटार निर्दोष असून परतीची वाट बंद आहे.

मोटारींत दोष ठरल्यासही ती लगेच टाकून देऊं नये. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें तिच्या अंगावर हलकेच ठोकावें. ठोकतांच फिरूं लागली तर कार्बन झिजला किंवा खांचेंत अडकला आहे. मंद गतीच कायम वापरांत असल्यामुळें बहुधा तिचाच कार्बन आधीं संपतो. जलद चालते व मंद चालत नाहीं, आणि दिवा तर दोहोंकडे पेटतो, तेव्हां हेंच कारण समजावें. कार्बन बदलून देणारे कारागीर तालुक्याच्या गांवीं अद्याप आहेत.

परतीची वाट

आमच्या गाडींतील दोष कसा सांपडला तें येथें सांगतों. इंजिन बंद होतें व बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते. मीटरची एक सुई मोटारीच्या अंगावर व दुसरी बॅटरीच्या ऋण टोंकावर ठेवली. ही दोन्हीं टोंकें एकच असावयास हवीं, म्हणजे कांटा शून्यावर किंवा फार तर ०.२ वर असावा. वायपर चालू करतांच मीटरनें १ व्होल्ट दाखविला. समोरचे दिवे लावले, तो ३ वर गेला. धुक्याचे जादा दिवे लावतांच ५ च्या वर चढला, आणि मोटार ओल्या कांचेवर उभी राहिली. तिच्या वांट्यास बारापैकीं जेमतेम सात व्होल्ट उरले होते.

हिशेब उघड आहे. वायपर सुमारें ४ अँपिअर घेतो, समोरचे दोन दिवे मिळून ९, जादा दिवे आणखी ९. या तिघांच्याही अर्थच्या तारा पुढील कोपऱ्यांत एकाच बोल्टाखालीं आणलेल्या होत्या. बोल्टाखालीं गंजानें पाव ओहमइतकाच अडथळा केला होता. पण करंटास अडथळ्यानें गुणलें म्हणजे तेवढा दाब वाटेंतच खर्च होतो, हा नियम. ४ अँपिअरला १ व्होल्ट, १३ ला सव्वातीन, २२ ला साडेपांच. दुसरी वस्तु चालू करतांच वायपर मंदावतो, हें सामाईक अर्थ बिघडल्याचें बोलकें लक्षण आहे. ओतूरच्या वेशीवर तें आम्हांस दिसलें होतें. दिवेही तेव्हां मिणमिणते झाले असले पाहिजेत, पण त्याचा दोष आम्हीं धुक्याला दिला.

उपाय दहा मिनिटांचा होता. बोल्ट काढला, तारेचें कडें व खालचा पत्रा पॉलिश-कागदानें चकचकीत होईपर्यंत घासला, रंग होता तोही खरडून काढला, आवळून वर ग्रीस लावलें. ग्रीस आवळल्यानंतर लावावें. जादा दिव्यांना निराळी अर्थ दिली. त्यानंतर सर्व दिवे चालू असतां मीटर ०.१ च्या खालींच राहिला.

धन बाजूचीही अशीच परीक्षा घेतां येते. बॅटरीचें धन टोंक व कपलरमधील चालू तार यांमध्यें, वायपर चालू असतां, अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसूं नये. तेवढा दिसला तर एकेक सांधा मागें येत मोजावें. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आंकडा उडी घेतो, तो सांधा उघडून साफ करावा.

पट्ट्या जागेवर न येणें

स्विच बंद केला तरी पट्ट्या मध्येंच न थांबतां खालीं येऊन निजतात, याचें पुष्कळांस नवल वाटतें. मोटारीच्या दांतेरी चाकावर तांब्याची एक तबकडी असते व तिच्यावर संपर्काच्या पट्ट्या घासत असतात. स्विच बंद केल्यावर मंद गतीची तार या तबकडीकडे जोडली जाते. पट्ट्या वर असेपर्यंत तबकडी तिला वीज देत राहते. पट्ट्या तळाशीं आल्या कीं तबकडीचा खंड येतो, वीज तुटते, आणि बहुतेक गाड्यांत त्याच वेळीं ती तार अर्थला जोडली जाते. फिरत्या मोटारीचीं दोन्हीं टोंकें अशीं एकत्र झालीं म्हणजे ती क्षणभर डायनॅमोसारखी वागून स्वतःलाच ब्रेक लावते.

एवढें समजलें कीं लक्षणांचा उलगडा आपोआप होतो. स्विच बंद करतांच पट्ट्या असतील तेथेंच थांबत असतील, तर तबकडीस मिळणारी कायमची वीज येत नाहीं. कपलरमधील त्या तारेवर चावी चालू असतां, स्विच बंद असूनही दिवा पेटला पाहिजे. दिवा पेटतो व तरी दोष राहतो, तर तबकडी काळी पडली आहे किंवा स्विचांतील बंद स्थितीचा संपर्क गेला आहे. याउलट स्विच बंद करूनही पट्ट्या तळाशीं येऊन न थांबतां पुन्हां वर जातात, तर ब्रेकची अर्थ मिळत नाहीं किंवा तबकडीचा खंड घाणीनें भरला आहे. मोटारीचें झांकण काढून तबकडी कपड्यानें पुसावी व संपर्काच्या पट्ट्या किंचित् उचलाव्या. जुनें घट्ट झालेलें ग्रीस काढून थोडें नवें घालावें. स्विच बंद न करतां चावीच काढून घेतली तर पट्ट्या मध्यावर राहतात, तो मात्र दोष नव्हे.

थांबून थांबून पुसण्याची गति बहुतेक गाड्यांत एका रिलेच्या हातीं असते. या रचनेचें पेटंट अमेरिकेंत रॉबर्ट कर्न्स यांस १९६७ सालीं मिळालें, आणि पुढें मोठमोठ्या मोटार-कंपन्यांशीं ते कित्येक वर्षें कोर्टांत भांडले. मंद व जलद गति ठीक असून तेवढी ही एकच गति गेली असेल तर रिले बदलून पाहावा. पेटींत तशाच जातीचा व तितक्याच पायांचा दुसरा रिले असल्यास अदलाबदल करून खात्री होते. वायपर कांहीं केल्या थांबतच नसेल तर रिले उपसून पाहावा. थांबला, तर त्याचे संपर्क चिकटले आहेत.

अलीकडच्या गाड्यांत स्विच मोटारीस थेट वीज देत नाहीं. तो एका इलेक्ट्रॉनिक पेटीस नुसता इशारा देतो व ती पेटी मोटार चालविते. अशा गाडींत स्विचाकडच्या बारीक तारांना टेस्ट-लॅम्प लावूं नये, दिव्याच्या करंटानें ती महाग पेटी बिघडण्याचा संभव असतो. तेथें मीटरच वापरावा. मोटारीच्या कपलरशीं मात्र वरील पद्धत चालते. स्टीअरिंगमध्यें एअरबॅग असल्यास त्या भागांतील पिवळ्या वेष्टनाच्या तारांस स्पर्शही करूं नये. तेथील स्विच बदलण्याचें काम माहीतगार कारागिराकडे सोंपवावें.

शेतावरील गाडीच्या कांहीं विशेष बाबी

गाडी चिंचेखालीं उभी करण्याची आपली संवय आहे. चिंचेचीं बारीक पानें कांचेखालच्या पन्हळींत सांचून पाण्याचीं भोंकें बुजवितात, पाणी तुंबतें, आणि मोटारीचा कपलर त्यांत भिजत राहतो. कपलर उघडून आंत हिरवट पूड दिसली तर तो तांब्याचा गंज होय. मे महिन्यांत ही पन्हळ हातानें साफ करून वर तांब्याभर पाणी ओतावें. तें चाकांमागें तत्काळ गळून गेलें पाहिजे.

रासायनिक खतांचीं पोतीं ज्या गाडींतून नेलीं जातात, तिच्या अर्थचे बोल्ट दर वर्षीं पाहावे. खताची पूड हवेंतील ओल ओढून घेते व पत्रा आणि तांबें दोन्हीं खाते. धान्याच्या कोठाराजवळ महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडींत उंदीर तारा कुरतडतात, हेंही ध्यानांत असावें. वायपर, कांच धुण्याचा पंप व हॉर्न अशा दोन-तीन वस्तु एकाच दिवशीं बंद पडल्या आणि त्यांचे फ्यूज शाबूत असले, तर मोटारीच्या मागें न लागतां आधीं तारांच्या जुडीवरून हात फिरवावा.

वाटेंत वायपर थांबलाच, तर गाडी दरडीखालीं उभी न करतां मोकळ्या जागीं घ्यावी व धोक्याचे दिवे लावावे. फ्यूज पाहावा, मोटारीवर ठोकून पाहावें, ज्यांवांचून चालेल त्या विजेच्या वस्तु बंद कराव्या. एवढ्यानें न भागल्यास दोन्हीं टोंकांस चिमटे लावलेली चार हात जाड तार घेऊन तिचें एक टोंक मोटारीच्या अंगास, किंवा तिच्या अर्थच्या तारेच्या कड्यास, व दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकास जोडावें. अर्थचाच दोष असेल तर वायपर त्या क्षणीं चालूं लागतो. म्हणून तार जोडतांना दुसऱ्या इसमास पट्ट्यांपासून दूर उभें करावें. वायपर चालला तर तार पंख्यांत किंवा पट्ट्यांच्या दांड्यांत न सांपडेल अशी बांधून तशीच ठेवून माल बाजारास पोहोंचवावा आणि दुरुस्ती घरीं आल्यावर करावी. कांचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळण्याची ड्रायव्हरांची युक्ति आहे. तिनें थेंब न राहतां पाणी पसरून थोडें दिसतें, पण मुसळधार पावसांत व समोरून दिवे आल्यावर तिचा भरंवसा धरूं नये. आमच्या पिकअपमध्यें आतां आसनाखालीं टेस्ट-लॅम्प, चार फ्यूज, पॉलिश-कागदाचा तुकडा आणि ही चिमट्यांची तार इतकें एका डब्यांत असतें. डब्याचा सर्व खर्च त्या नव्या मोटारीच्या दशांशाहूनही कमी आला.